फाडलेल्या पानाचे मोल

मुलांच्या करमणुकीकडे वडीलधारी मंडळी सहसा उपेक्षेने पाहतात. आणि म्हणूनच तिच्यातील उपदेश व तिच्यामागील व्यापार, दोन्ही त्यांच्या नजरेतून निसटतात. ‘यू-गी-ओ! ड्युएल मॉन्स्टर्स’ या जपानी ॲनिमे मालिकेचा पहिला भाग या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. काझुकी ताकाहाशी यांच्या 1996 साली सुरू झालेल्या चित्रकथेत पत्त्यांचा एक काल्पनिक खेळ अवतरला. कोनामी कंपनीने 1999 साली तो आपल्या नियमांनिशी बाजारात आणला आणि 18 एप्रिल 2000 रोजी टीव्ही टोकियोवर त्या खेळाभोवती गुंफलेली ही मालिका सुरू झाली.

कथानक साधे आहे. युगी या शाळकरी मुलाच्या आजोबांचे खेळांचे दुकान आहे. त्यांच्या संग्रही निळ्या डोळ्यांच्या शुभ्र ड्रॅगनचे एक पान आहे. अशी पाने जगात अवघी चार. सेतो काइबा हा धनाढ्य तरुण त्याच्या मोबदल्यात पेटीभर पाने पुढे करतो. आजोबा नकार देतात, कारण ते पान जिवलग मित्राने दिलेले असते. तेव्हा काइबा त्यांना सामन्यात हरवून ते मिळवतो आणि तत्क्षणी फाडून टाकतो! उरलेली तिन्ही पाने त्याच्याकडेच असतात; चौथे आपल्याविरुद्ध कधी वापरले जाऊ नये, एवढाच त्याचा हिशेब. अखेर युगी आजोबांच्याच पानांनी खेळतो, एक्झोडियाचे पाचही भाग हाती जमवतो आणि काइबाला पराभूत करतो.

वस्तूचे मोल तिच्या दुर्मिळतेत नसून तिच्याशी जडलेल्या मायेत असते, हा येथील बोध. वीस-बावीस मिनिटांत तो इतक्या ठसठशीतपणे मांडणे ही सामान्य गोष्ट नव्हे. फाडलेले पान पाहून मुलाचे डोळे भरून येतात, ते त्याच्या किमतीमुळे खचित नव्हे.

परंतु मालिका संपून मूल दुकानाशी जाते, तेव्हा काय घडते? तेथे पाने प्रामुख्याने बंद पाकिटांतून मिळतात. आत काय आहे हे पाकीट फोडल्यावाचून कळत नाही, आणि हवे ते पान निघेपर्यंत पाकिटामागून पाकीट घ्यावे लागते. कथेतील चार पानांची मर्यादा लेखकाने घातलेली होती. बाजारातील दुर्मिळता छापखान्यात ठरते. तोच ड्रॅगन कंपनीने आजवर अनेकदा पुन्हा छापला आहे, आणि तरीही चकाकत्या छपाईच्या विरळ प्रतींसाठी झुंबड उडतेच. 2011 पर्यंत या खेळाची 25 अब्जांहून अधिक पाने विकली गेली होती. म्हणजे पडद्यावर आजोबांचा विजय झाला, बाजारात मात्र काइबाची नीती जिंकली, असेच म्हणावे लागते.

यावर कोणी म्हणेल की, खेळ बुद्धीला चालना देणारा आहे, पानांच्या देवघेवीतून मैत्री जुळते आणि ठरावीक पानांचे तयार संचही विकत मिळतात. हे सर्व खरे आहे. किंबहुना तयार संच विकता येतात, यातच सोडतीवाचून हा खेळ चालू शकतो याची कबुली आहे. मग अजाण मुलांना सोडतीची चटक लावण्याचे समर्थन कसे करणार? मुलांसाठीची विक्री तयार संचांतूनच व्हावी, आणि बंद पाकिटे विकायचीच असतील तर विरळ पान निघण्याची शक्यता त्यावर ठळक अक्षरांत छापावी, ही मागणी अवाजवी नाही.

बंदीची भाषा येथे व्यर्थ आहे. पालकांनी हा पहिला भाग मुलांच्या शेजारी बसून पाहावा आणि आजोबांनी ते पान का विकले नाही, एवढाच प्रश्न त्यांना विचारावा. मुले त्याचे उत्तर बिनचूक देतील. ते उत्तर दुकानाच्या दारापर्यंत त्यांच्यासोबत टिकून राहील, हे पाहण्याची जबाबदारी मात्र वडीलधाऱ्यांचीच आहे.