बावीस तासांचा हिशेब



दातांना तारा बसवणे ही गोष्ट आपल्या शहापूर-मुरबाडकडे आता नवलाची राहिलेली नाही. नवी आहे ती तारेशिवाय दात सरळ करण्याची जाहिरात. पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे, बघणाऱ्याला दिसत नाहीत, काढता-घालता येतात आणि वर हप्त्याने मिळतात. त्यांना क्लिअर अलायनर म्हणतात. लग्नाच्या मुलीचे आईवडील आणि नुकती नोकरी लागलेली मुले त्याकडे आशेने पाहतात. खर्च पन्नास-साठ हजारांपासून दोन-अडीच लाखांपर्यंत जातो. एवढी रक्कम ज्या घरात वर्षभर काटकसर करून उभी राहते, त्या घराने आधी चार गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

अमेरिकेत १९९७ साली अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी निघाली आणि तिने इनव्हिजलाइन नावाने हे साचे बाजारात आणले. प्रत्येक साचा आधीच्या साच्यापेक्षा किंचित वेगळा असतो. एका साच्यात दात साधारण पाव मिलिमीटर सरकतो. आठ-पंधरा दिवसांनी पुढचा साचा. दात हाडात रुतलेला असतो. त्याच्यावर हलका दाब सतत राहिला तर दाबाच्या बाजूचे हाड विरघळते, मागे नवे हाड भरते आणि दात जागा बदलतो. यातला 'सतत' हा शब्द महत्त्वाचा. तार तोंडात चिकटवलेली असते, तिला सुट्टी नाही. अलायनर काढता येतो, आणि तेच त्याचे दुखणे आहे.

डॉक्टर दिवसाला वीस ते बावीस तास घालायला सांगतात. आता कारकुनी सवयीने रोजकीर्द मांडू. बावीस तास म्हणजे हातात उरले दोन. सकाळचा चहा-नाश्ता अर्धा तास, दुपारचे जेवण अर्धा, रात्रीचे अर्धा. दीड तास संपला. राहिलेल्या अर्ध्या तासात दोन चहा बसतात, तिसरा बसत नाही. साचा घालून गरम चहा घ्यायचा नाही, डाग पडतात आणि साचा वाकतो. तोंडात साचा असताना फक्त साधे पाणी. एमआयडीसीतल्या पाळीवर ज्याचे दिवसाला पाच-सहा कटिंग होतात, त्याने आधी चहाचा निर्णय घ्यावा, मग साच्याचा. रोज चार तास कमी पडले तर आठवड्याला अठ्ठावीस तास बुडतात. मग पुढचा साचा बसत नाही, दाताच्या टोकाशी फट दिसते. अशा वेळी ओढून-ताणून पुढच्या साच्यावर जाऊ नये, डॉक्टरांना विचारून त्याच साच्यावर थांबावे.

काही बारीकसारीक गोष्टीही उपयोगी पडतात. नवा साचा रात्री झोपताना घालावा, पहिले दोन दिवस जो ताण जाणवतो तो निम्मा झोपेत जातो. साचा गार पाण्याने धुवावा, उकळत्या पाण्याने कधीच नाही. तो डबीतच ठेवावा. लग्नाच्या पंगतीत कागदात गुंडाळून बाजूला ठेवलेला साचा पत्रावळीबरोबर उकिरड्यावर जातो. आधीचा साचाही जपावा, नवा हरवला तर तोच आधार. खाल्ल्यावर दात घासून किंवा निदान खळखळून चूळ भरून मगच साचा चढवावा, नाहीतर अन्न आत कोंडून कीड लागते. तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि आपल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे खरेच. तरी चुळीपुरती एक बाटली जवळ असू द्यावी.

हिरड्यांचे मात्र आधी पाहावे. आपल्या घरांत मशेरी लावणाऱ्या आया-बहिणी अजून आहेत. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्याने हिरड्या खंगतात आणि खालचे हाड झिजते. अशा हाडात दात सरकवू गेले तर तो सरळ होण्याऐवजी हलायला लागतो. हिरड्या सुजलेल्या असतील, कीड असेल, तर आधी ते उपचार, एक्स-रे, आणि नंतर सरळ करण्याचे बोलणे. जो कोणी दात तपासण्याआधी हप्त्याचा कागद पुढे करतो, त्याच्याकडून उठून यावे.

अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी टपालाने घरपोच साचे देत होती. २०२३ च्या डिसेंबरात ती बंद पडली. लोकांचे उपचार अर्धवट राहिले आणि हप्तेवाल्यांना हप्ते भरत राहा असे सांगण्यात आले. आपल्याकडेही हप्त्याचे कर्ज बहुधा फायनान्स कंपनीचे असते, दवाखान्याचे नव्हे. दवाखान्याला कुलूप लागले तरी कर्ज चालू राहते. म्हणून सहीपूर्वी लेखी घ्यावे: एकूण साचे किती, मध्ये दात हटून बसला तर जादा साच्यांचे पैसे पडतील का, शेवटच्या रिटेनरचे वेगळे आहेत का. आणि डॉक्टर बीडीएसनंतर दात सरळ करण्याच्या शाखेत एमडीएस झालेले आहेत का, हे विचारायला संकोच करू नये.

माझे मत विचाराल तर फार वाकडे, फिरलेले किंवा दात काढून जागा करावी लागणारे जबडे तारेनेच अधिक खात्रीने सुधारतात. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे तार खासगीपेक्षा पुष्कळ स्वस्तात बसते. पण दर महिन्याला जावे लागते. आसनगावहून लोकलने दोन तास, मुरबाडकरांना आधी कल्याणपर्यंत एसटी, आणि रोजंदारीवाल्याचा खाडा वेगळा. अलायनरला फेऱ्या कमी पडतात, हा त्याचा खरा फायदा. खाड्याचे पैसे खर्चात धरूनच दोन्हींची तुलना करावी. मुलगी चार महिन्यांत दाखवायची आहे म्हणून घाई करणाऱ्यांनी मात्र दोन्ही सोडावे. या कामाला सहा महिने ते दीड-दोन वर्षे लागतात.

आणि शेवटचा साचा उतरला की काम संपत नाही. दात जुन्या जागेकडे परत ओढ घेतात. त्यासाठी रिटेनर असतो, सुरुवातीला डॉक्टर सांगतील तितके तास आणि नंतर रोज रात्री, वर्षानुवर्षे. मुलगी सासरी जाताना तिच्या बॅगेत तो डबीसकट गेला पाहिजे.