विश्लेषण : दुरुस्तीनंतरही जुन्या गाडीचा ब्रेक मऊ का लागतो?

गॅरेजमधून गाडी बाहेर येते. मागचे लायनर नवे, व्हील सिलिंडरचे रबर नवे, बिलही चुकते झालेले. तरी पेडल दाबले की पाय स्पंजात रुतल्यासारखा खाली जातो. ‘दोनदा पंप मारा, लागतो’, असे सांगून मेकॅनिक पुढच्या गाडीकडे वळतो. अमरावती-अकोल्याकडे जुनी गाडी वापरणाऱ्यांना हे नवे नाही. पण दोनदा पंप मारून लागणारा ब्रेक दुरुस्त झालेला नसतो.

हा प्रश्न आता का?

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या कारसाठी ते १०,००० करण्यात आले. सरसकट वयाची अट महाराष्ट्रात नाही. त्यामुळे ‘एवढे पैसे भरलेच आहेत तर चालवू अजून पाच वर्षे’ असा हिशेब अनेक घरांत होतो, आणि तो चुकीचाही नाही. फक्त तपासणीत त्या दिवशी ब्रेक किती जोराने लागतो एवढे कळते. नळीतल्या ब्रेक ऑइलमध्ये किती पाणी मुरले आहे, हे नूतनीकरणाच्या कागदावर येत नाही.

दुसरीकडे रस्ते वेगवान झाले. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विक्रम झाला, हे आठवत असेल. अशा रस्त्यावर ६० ऐवजी १०० च्या वेगाने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकला जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा जिरवावी लागते. गाडी मात्र तीच, २००५ सालची.

पेडल नेमके काय सांगते?

‘मऊ’ या एका शब्दात तीन वेगळे बिघाड लपलेले असतात, आणि गॅरेजमध्ये वाद होतो तो इथेच.

पेडल स्प्रिंगसारखे दबते आणि पटापट दाबल्यावर वर येते, तर नळीत हवा आहे. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर हवेतच मुरतो. दुरुस्तीसाठी नळी उघडली की हवा शिरणारच, ती निपलमधून काढावी लागते. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, मॅन्युअल पाहावे. एक गमतीची चूकही होते. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला की निपल खालच्या बाजूला येते. हवा वरच अडकून राहते आणि लिटरभर ऑइल ओतले तरी पेडल सुधारत नाही.

पेडल पहिल्यांदा खूप खाली जाते, पण जिथे थांबते तिथे कडक असते, तर मागच्या ड्रममधले शू सैल आहेत. ते अ‍ॅडजस्ट करायला हवेत. हवा काढत बसून उपयोग नाही.

तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा. गाडी उभी ठेवून, इंजिन चालू करून पेडल अर्धा मिनीट एकसारखे दाबून धरा. इंजिन सुरू होताना ते किंचित खाली जाते, ते बूस्टरमुळे, ठीक आहे. पण नंतरही हळूहळू खाली सरकत राहिले तर दाब कुठेतरी निसटतोय. डबीतले ऑइल कमी होत असेल तर बाहेर गळती आहे. पातळी तीच असेल तर संशय मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरावर घ्यावा. हे रबर अनेकदा दुरुस्तीतच जाते. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबले जाते, आणि वर्षानुवर्षे न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर रबर घासून फाटते. म्हणजे ‘काल तर बरा होता’ हे गाडीमालकाचे म्हणणे खरे असते आणि ‘मी त्याला हात लावला नाही’ हे मेकॅनिकचेही.

मग ‘उन्हाने ऑइल उकळते’ याचे काय?

अकोल्याचा मे महिना ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून हा समज. पण ताजे डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळू नये असे मानक आहे, डॉट ४ चे २३०. पाणी मुरल्यावर मात्र ही मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ वर येते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते; पावसाळाभर झाकण उघडे राहिलेल्या डब्यातले ऑइल ओतले तर दुरुस्ती तिथेच फुकट गेली.

१४० अंश उन्हाने येत नाहीत, घाटाने येतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर, परतवाडा त्याहून सातशे मीटरहून अधिक खाली. एक टनाची गाडी तेवढी उतरताना सुटणारी ऊर्जा २० लिटर पाणी उकळीला आणेल इतकी असते. न्यूट्रलमध्ये उतरले तर तिचा मोठा भाग ब्रेकमध्येच जातो. ऑइल उकळले की वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते. गावात कडक वाटणारे पेडल वळणावर जमिनीला टेकते. थंड झाले की पुन्हा ठीक, त्यामुळे गॅरेजमध्ये दोष सापडत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ब्रेकच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. मास्टर सिलिंडरला नवे रबर घालून वेळ मारून नेण्यापेक्षा, आतून गंजलेला असेल तर तो पूर्णच बदलणे योग्य. ऑइल सीलबंद डब्यातले, तुमच्यासमोर उघडलेले घ्या. आणि पेडल खाली सरकत असेल तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.