राक्षसांच्या बाजूने

सुशिक्षित घरांतून अलीकडे एक तक्रार वारंवार कानी येते. घरातील मुलगा काळा सदरा चढवून कसले तरी भेसूर गाणे ऐकत बसतो. त्यातील गायक गात नाही, गुरगुरतो. रंगमंचावर ज्वाळा, धूर, प्रेतासारखे रंगवलेले चेहरे आणि लोखंडी सांगाडे यांखेरीज दुसरे काही नसते. आणि याला ही मुले संगीत म्हणतात! तक्रार करणाऱ्यांचा निकाल ठरलेला असतो. हे संगीत नव्हे, हे सदभिरुचीस सोडून आहे, आणि हे आपले नव्हे. या तिन्ही आरोपांत तथ्य नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. जो चौथा आरोप खरोखर करावयास हवा, तो मात्र कोणीच करीत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम मूळ वस्तू काय आहे ते पाहू. ज्यास हेवी मेटल म्हणतात तो संगीतप्रकार इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात जन्मास आला. तेथील टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा डावखुरा मुलगा १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असता यंत्रात सापडला व त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. गिटार सोडण्याऐवजी त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे दुखऱ्या बोटांस सोसावे म्हणून त्या तारा खाली उतरवून लावल्या. त्याच्या ब्लॅक सबाथ या मंडळीची पहिली तबकडी १९७० साली निघाली. तिच्या मागोमाग आलेल्या या घराण्याचा जो जड, खर्जातला नाद आज जगभर ऐकू येतो, त्याच्या मुळाशी एका कामगाराचा जायबंदी हात आहे. १९७६ साली लंडनमध्ये काही कलावंतांनी आपल्या तबकड्यांच्या संस्थेस ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ असे नाव दिले, आणि यंत्रांच्या आवाजातून संगीत घडविण्याच्या प्रयत्नास तेच नाव चिकटले. १९८० च्या सुमारास पश्चिम बर्लिनमध्ये दुसऱ्या एका मंडळीने छिद्रे पाडण्याची यंत्रे आणि भंगारातले लोखंड हीच वाद्ये म्हणून मंचावर आणली. १९९४ साली बर्लिनमध्येच स्थापन झालेल्या रामस्टाइन या मंडळीने हे दोन्ही प्रवाह एकत्र केले आणि त्यांस अग्निनाट्याची जोड दिली. तिचा गायक टिल लिंडेमान याने आतषबाजीचे रीतसर शिक्षण घेतले आहे, हे येथे मुद्दाम नमूद करतो. ज्याला थिल्लरपणा म्हणतात त्यामागे असा अभ्यास असतो.

आता पहिला आरोप: हे संगीत नव्हे, गोंगाट आहे. या गिटारचा स्वर फाटलेला वाटतो, कारण तो बुद्ध्या फाडलेला असतो. तारेचा विद्युत्कंप वर्धकाच्या शक्तीबाहेर वाढवला की तरंगाची शिखरे छाटली जातात आणि मूळ स्वरात नसलेले अनेक उपस्वर त्यात उत्पन्न होतात. आमच्या तंबोऱ्याची जवारी याहून तत्त्वतः वेगळी आहे काय? घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून आपण स्वच्छ नादात मुद्दाम झणत्कार आणतो; त्या झणत्कारावाचून तंबोरा मुका. फरक प्रमाणाचा आहे, तत्त्वाचा नव्हे. प्रमाण कोणास न रुचले तर त्याने तसे म्हणावे. पण आपल्या कानाच्या नाजूकपणास संगीतशास्त्राचा नियम म्हणू नये.

दुसरा आरोप: हे सदभिरुचीस सोडून आहे, तरुणांस बिघडविणारे आहे. भरताने नाट्यात आठ रस सांगितले. त्यांत रौद्र, भयानक आणि बीभत्स हे तीन आहेत. आठांतील तीन! शृंगार, करुण आणि हास्य एवढ्यांवर आपली गुजराण होते म्हणून उरलेले रस शास्त्रातून बाद होत नाहीत. बिघडविण्याविषयी म्हणाल, तर अमेरिकेत १९९९ साली कोलंबाईन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून हत्याकांड केले, तेव्हा वृत्तपत्रांनी मॅरिलिन मॅन्सन या नटगायकाच्या संगीतावर खापर फोडले. पुढे ते दोघे त्याचे चाहते नव्हतेच असे दिसून आले. परंतु पिस्तुले मुलांच्या हाती कशी आली या अवघड प्रश्नापेक्षा गाणे कोणाचे हा प्रश्न सोपा होता. सोप्या प्रश्नाकडे धावण्याची ही खोड एकट्या अमेरिकेची नाही.

तिसरा आरोप आपल्याकडील मंडळींस फार प्रिय आहे: हे आपले नव्हे. येथे आम्ही वाचकांस आपल्याच रंगभूमीच्या जन्माची आठवण देतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले. त्या परंपरेच्या नाटकांत तोंडे रंगवलेले राक्षस आरोळ्या ठोकीत प्रवेश करीत. मशालीवर राळ उडवून भडका करण्यात येई. आणि प्रेक्षकांतील मुले आईच्या कुशीत शिरत. पुढे शिकलेल्या लोकांनी या नाटकांस ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले. १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, पदांचा गोडवा आला, आणि राक्षस हळूहळू हद्दपार झाला. किर्लोस्करांचे ऋण आम्ही मानतो. पण त्या गोडव्यापायी आपण काय घालवले याचा हिशेब कोणी मांडला नाही. आपल्या तक्रारीतले शब्द पुन्हा वाचा: रंगवलेले चेहरे, आरोळ्या, ज्वाळा. परके काय आहे यात? कोकणातील दशावतारात काळ्या वेषातला संकासुर आजही मंचावर येतो. आणि मुंबईत २००० साली निघालेल्या डेमॉनिक रेझरेक्शन या मेटल मंडळीने २०१७ साली ‘दशावतार’ याच नावाची ध्वनिमुद्रिका काढली. रामस्टाइनच्या यांत्रिक ठेक्याशी तिचे नाते दूरचे आहे. पण भयाच्या नाटकाशी अगदी जवळचे आहे. कोकणच्या देवळापुढील रात्र आणि मुंबईचे विजेचे व्यासपीठ यांच्यामध्ये असलेला दुवा त्या तरुणांस दिसला, तो त्यांच्या वडीलधाऱ्यांस दिसू नये हे नवल आहे.

मराठवाड्याकडे वळलो तर मरीआईचा पोतराज आठवतो. वाढवलेले केस, कपाळी मळवट, पायी घुंगरू, अंगावर कडाडणारा आसूड आणि सोबत वाद्याचा ठोका. येथे कोणी आम्हांस विचारील, तुम्हांला पोतराज परत हवा आहे काय? मुळीच नाही. ते सोंग माणसाच्या जन्मास चिकटवलेले होते. ते ज्यांच्या वाट्यास आले त्यांनी ते झुगारून दिले, केस कापले, मुले शाळेत घातली, हे उत्तमच झाले. आमचा मुद्दा नेमका याच्या उलट आहे. मेटलचा नट जे भय धारण करतो ते कोणत्याही जातीने त्याच्यावर लादलेले नसते. तो रंग लावतो आणि रात्री धुऊन टाकतो. भय देवस्कीतून आणि जन्मातून सोडवून कलेच्या स्वाधीन करणे ही प्रगती आहे. सुधारकांनी तिचे स्वागत करावयास हवे होते. ते कानांत बोटे घालून बसले आहेत.

आता चौथा आरोप, आणि तो आमचा आहे. आपल्या मुलुखातील या मंडळींचे भय बव्हंशी उसने आहे. पडके गिरिजाघर, थडगी, वटवाघळे, हिमाळ रात्री ही सामग्री युरोपच्या गॉथिक कादंबऱ्यांतली. तेथे ती तेथील मातीतून उगवली. आपल्याकडे ती भाड्याने आणलेल्या पोशाखासारखी सैल बसते, आणि शब्द बहुधा इंग्रजी. जे भय घराशेजारी आहे त्याच्याकडे मात्र पाठ.

बीडहून सोलापूरच्या वाटेला लागले की बिंदुसरेच्या धरणाजवळ पाली हे गाव लागते. तेथे असे गाणारी एखादी मंडळी आहे असे आम्हांस सुचवावयाचे नाही. परंतु या संगीतास जे हवे ते सगळे या जिल्ह्यात उघड्यावर पडलेले आहे. दसरा-दिवाळी झाली की बालाघाटच्या पट्ट्यातील गावांतून लाखो माणसे ऊसतोडीस निघतात. नवरा-बायकोच्या जोडीस नाव नसते. तिला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तो कोयता बांधलेला. मागे उरतात कुलपे लागलेली घरे, पारावर बसलेले म्हातारे, आणि वसंत सरेपर्यंत न पेटणाऱ्या चुली. याहून अधिक ओसाड वाडा कोणत्या गॉथिक कादंबरीत आहे? तिकडे कारखान्यावर रात्रंदिवस गाळप चालते. ऊस लोखंडी लाटांत शिरतो आणि चिपाड होऊन बाहेर पडतो. याहून निराळे यंत्रसंगीत बर्लिनला काय होते? २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयांवरील शस्त्रक्रियांचा प्रकार गाजला व सरकारास चौकशी समिती नेमावी लागली. कामाला खाडा पडू नये म्हणून शरीराचा अवयव काढून टाकावा लागतो, यापेक्षा बीभत्स रसाचा दुसरा कोणता स्थायीभाव हवा?

‘दुःखाचा तमाशा मांडू नये’ असे म्हणणारे येथे पुढे सरसावतील. त्यांस आमचे उत्तर असे की, जात्याची घरघर हीदेखील एका यंत्राचीच घरघर होती. आमच्या आज्या-पणज्यांनी त्या घरघरीवर ओवी बसवली, सासुरवास आणि मरणही तिच्यात घातले, आणि आज त्याच ओव्यांचे संग्रह आपण कपाटात मानाने ठेवतो. जात्याच्या दगडास शब्द मिळाले. गाळपाच्या लोखंडास अजून मिळावयाचे आहेत. ते गोड चालीत मावणार नाहीत. त्यांस फाटलेला स्वर, खर्जातला ठोका आणि राळेचा भडकाच लागेल.

तेव्हा पालकांस आमचे सांगणे एवढेच की, मुलाच्या खोलीतला आवाज बंद करण्यापूर्वी तो एकदा नीट ऐका; त्यात तुमच्याच रंगभूमीने हाकलून दिलेला राक्षस बोलत आहे. आणि त्या तरुण मंडळींस सांगणे की, राक्षस परत आणलात हे ठीक केलेत, पण त्याला आपली भाषा शिकवा आणि आपल्या गावची वाट दाखवा. ती वाट पालीवरूनही जाते.