क्षीण संकेत आणि विज्ञानाचा हिशेब

जत किंवा माण तालुक्यात पिण्याच्या पाण्याची विवंचना असताना मूलभूत विज्ञानावर पैसा का खर्चावा, असा प्रश्न सातारा-सांगलीकडे वारंवार विचारला जातो. तो अप्रामाणिक नाही. परंतु त्यामागील हिशेब अपुरा आहे. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक ठरावे.

मिरजेत रुग्णांची तपासणी करणाऱ्या एम.आर.आय. यंत्रामागे हेच तत्त्व आहे. प्रथिनांसारख्या जैवरेणूंची घडणही त्यानेच उलगडता येते. उणीव एकच : मिळणारा संकेत अत्यंत क्षीण असतो. ५०० मेगाहर्ट्‌झच्या यंत्रातही, नेहमीच्या तापमानाला, हायड्रोजनच्या लाख अणुकेंद्रांपैकी जेमतेम चारांचे आधिक्य चुंबकक्षेत्राच्या दिशेने उरते. बाकीची परस्परांना निष्प्रभ करतात. म्हणून तेच मापन पुनःपुन्हा करून बेरीज करावी लागते. मात्र दसपट स्पष्टतेसाठी शंभरपट वेळ द्यावा लागतो. घटत्या फलाच्या नियमाचा याहून चोख दाखला अर्थशास्त्राच्या अध्यापकालाही सहज सापडणार नाही.

यावरचा उपाय १९५३ साली अल्बर्ट ओव्हरहाउझर या तरुण सैद्धांतिकाने सुचविला. इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व प्रोटॉनच्या सुमारे ६५८ पट असते. एकाकी इलेक्ट्रॉन असलेले रेणू नमुन्यात मिसळून त्यावर सूक्ष्मतरंग सोडले, तर इलेक्ट्रॉनांची शिस्त अणुकेंद्रांत उतरविता येते. तत्कालीन दिग्गजांनी या कल्पनेविषयी शंका घेतली. पण त्याच वर्षी कार्व्हर व स्लिक्टर यांनी लिथियमवर ती खरी करून दाखविली. तरीही जैवरेणूंसाठी, प्रबळ चुंबकक्षेत्रात, तिचा उपयोग होण्यास १९९०चे दशक उजाडावे लागले. त्यासाठी लागणारे शक्तिमान सूक्ष्मतरंग जायरोट्रॉनमुळे हाती आले. आज संकेत शंभरपट वाढला, तर दहा हजार दिवसांचे मापन एका दिवसात आटोपते. चाळीस वर्षे ‘निरुपयोगी’ राहिलेल्या कल्पनेचे हे व्याज आहे! पंचवार्षिक ताळेबंदात ते कधीच दिसले नसते.

या क्षेत्रात आपण उपरे नाही. डॉ. एस. एस. धर्माधिकारी नव्हे, तर धर्मट्टी हे नाव आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावयास हवे. १९५१ साली अल्कोहोलच्या एकाच रेणूतील हायड्रोजनचे तीन निरनिराळे संकेत ओळखणाऱ्या तिघांत ते होते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी हा विषय रुजविला. तेथेच कालांतराने देशभरच्या संशोधकांसाठी उच्चक्षेत्र यंत्रांची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली.

महागडे यंत्र एकाने घ्यावे आणि अनेकांनी वापरावे, ही सहकाराची रीत कृष्णाकाठाला शिकविण्याची गरज नाही. प्रश्न आहे तो दारापर्यंत पोहोचण्याचा. जिल्ह्यातील महाविद्यालयांत भौतिकीची रिक्त पदे भरावीत, होतकरू विद्यार्थ्यांना अशा सुविधांपर्यंत जाण्यासाठी प्रवासखर्च व शिष्यवृत्ती द्यावी. हा खर्च पाणीयोजनेच्या तोंडचा घास हिरावून घेण्याइतका मोठा नाही. तो टाळला, तर मात्र आपली गुणी मुले लाखातल्या त्या निष्प्रभ गर्दीतच राहतील.