तेलाची पारख

माझ्या मुलाने वर्षभर पैसे साठवून रिमोटवर चालणारी मोटार घेतली. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची ती बग्गी उंचसखल मैदानावर फार डोलू लागली, तेव्हा ‘दाट तेल घाल’ असा सल्ला मी अधिकारवाणीने दिला. त्याने तो मुकाट्याने पाळला. आता गाडी खड्ड्याखड्ड्यावर उडू लागली. ‘मला चालवताच येत नाही,’ असे म्हणून त्याने ती कपाटावर ठेवून दिली. चूक मात्र माझी होती.

स्प्रिंग धक्का झेलते. तो जिरविण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधील सिलिकॉन तेलाचे असते. पिस्टनच्या बारीक छिद्रांतून तेल ये-जा करते आणि धक्क्याची शक्ती उष्णतेत रूपांतरित होते. तेल फार पातळ असेल तर गाडी डोलत राहते व उडीनंतर तिचे पोट जमिनीवर आपटते. फार दाट असेल तर चाक जमिनीचा चढउतार वेळेवर धरीत नाही.

मग निवड कशी करावी? उत्पादकाने सुचविलेल्या तेलापासून प्रारंभ करावा. अशा बग्गीत बहुधा ३०० ते ५०० सेंटिस्टोकचे तेल वापरतात. बाटलीवरील ‘वेट’चा आकडा सर्व उत्पादकांचा सारखा नसतो, म्हणून सेंटिस्टोकच पाहावेत. उन्हाळ्यात तेल पातळ होते, थंडीत दाटते. त्यामुळे दिल्लीच्या जूनमध्ये जानेवारीपेक्षा किंचित दाट तेल घ्यावे. शिवणयंत्राचे तेल मात्र घालू नये. तापल्यावर ते फारच पातळ होते.

तेल भरताना पिस्टन हळूहळू वरखाली करून बुडबुडे निघू द्यावेत. नंतर बॅटरीसह गाडी वीतभर उंचीवरून सपाट जमिनीवर सोडावी. ती एकदा दबून शांतपणे स्थिरावली तर तेल योग्य. पुनःपुन्हा डोलली तर थोडे दाट, रेंगाळत वर आली तर थोडे पातळ तेल घ्यावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपून ठेवावा. अखेरचा निर्णय मैदानावरच घ्यावा.

गेल्या रविवारी मुलाने कपाटावरची गाडी खाली काढली. तिसऱ्या प्रयत्नात ४०० सेंटिस्टोकचे तेल जमले. या खेपेस मी सल्ला दिला नाही. केवळ वही धरून बसलो होतो.