सूप आणि फोल

आमच्या बालाघाटात धान पाखडताना सूप फोल उडविते व दाणा राखते. संगणकाने एखाद्या आज्ञेच्या उत्तरादाखल शेकडो ओळी ओतल्या, तर त्यांच्यासाठीही असेच एक सूप आहे. त्याचे नाव 'ग्रेप'. केन थॉम्पसन यांचे हे साधन १९७३ पासून युनिक्समध्ये आहे. आज्ञेचे उत्तर 'पाईप'च्या उभ्या रेघेने त्याच्या स्वाधीन करावे आणि हवा तो शब्द सांगावा. त्या शब्दाच्या ओळी तेवढ्या हाती येतात.

परंतु गावांच्या यादीत 'खैरलांजी' शोधले, की आपल्या गावाबरोबर भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीही येते, जेथे २००६ साली एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. यंत्राला हा भेद कळत नाही. म्हणून आधी 'बालाघाट'च्या ओळी वेगळ्या काढाव्यात, मग त्यांत गाव शोधावे.

तरीही कुणी 'खैरलान्जी' लिहिले असेल, तर ती ओळ मुकाट्याने गळते. शिधावाटपाच्या यादीतून अशी ओळ गळाली, तर एखाद्या घराची चूल अडेल. यासाठी बालाघाटच्या ओळींतून 'व्ही' या खुणेने 'खैरलांजी' वगळावे आणि उरलेल्यांत नुसते 'खैर' शोधावे. शहाणी गृहिणी फोलातही एकदा हात फिरवून पाहतेच.