धर्माची बातमी : ओतूर ते दिल्ली

ओतूरच्या कपर्दिकेश्वराची श्रावणी सोमवारची यात्रा, तेथील तांदळाच्या पिंडी व मांडवीकाठची गर्दी यांची बातमी पुणे जिल्ह्यातील वृत्तपत्रे दरवर्षी देतात. बातमी छोटी असते, पण सहसा चुकत नाही. ती पाठविणारा वार्ताहर पंचक्रोशीतलाच असतो आणि चूक झालीच तर दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत त्याला अडवून विचारणारे चार जण भेटतात.

दूरच्या स्टुडिओला असा धाक नसतो. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा आत्महत्येसारखा गुन्हा ठरविला. २४ ऑगस्टला देशभर जैन समाजाने मूक मोर्चे काढले आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. (हे दोन्ही दिवस श्रावणी सोमवारच होते.) या तीन आठवड्यांत वाहिन्यांवरील बहुतेक चर्चा ‘श्रद्धा की आत्महत्या’ या एकाच प्रश्नाभोवती फिरली. तत्त्वार्थसूत्रात सल्लेखनेचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत जगण्याची आस जशी दोष, तशीच मरण लवकर यावे ही इच्छाही दोषच मानली आहे. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात हे व्रत केव्हा घ्यावे तेही सांगून ठेवले आहे : अटळ उपसर्ग, दुष्काळ, वार्धक्य वा उपाय नसलेला रोग. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, ती दृष्टी गमावत चालल्यामुळे. डोळ्यांविना मुनिचर्येतील अहिंसा पाळणे शक्य नव्हते. एवढी माहिती दिली असती, तर विरोधकालाही नेमका विरोध करता आला असता.

आणि नेमका विरोध करण्याजोगे काही होतेच. घरातील वृद्धेचा होकार खरोखर तिचाच आहे, हे कोणी व कसे पडताळावयाचे? पत्रकारांनी हा प्रश्न चिकाटीने धरला नाही. समाजानेही मोर्चाच्या भरात तो बाजूला ठेवला.

शिवाय समाज स्वतः वृत्तपत्राला काय पुरवितो, हेही पाहण्याजोगे आहे. पर्युषणानंतर जाणाऱ्या टिपणात वरघोड्यातील रथ, बोलीची रक्कम, लाभार्थी परिवारांची नावे व मान्यवरांसह छायाचित्र एवढे हमखास असते. मासखमण म्हणजे काय, संवत्सरी प्रतिक्रमणात क्षमा कोणाकोणाची मागतात, याच्या दोन ओळी नसतात. वार्ताहराने विचारावे म्हटले, तर टिपणाखाली क्रमांक असतो तो जाहिरातीचे पैसे देणाऱ्याचा.